वॅट किती?

आमच्या घरी आलेला पाहुणा ओट्यावरून दिवाणखान्यात येऊन टेकला, पाणी प्यायला आणि त्याची दृष्टी कोपऱ्यातील दोन लाकडी पेट्यांकडे गेली, की त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "वकीलबाब, वॅट किती?" पेट्यांतून कोणाचा गळा गातो आहे, राग कोणता, तबल्यावर कोण आहे, हे विचारणारे फार थोडे. घोड्याचे वय दातांवरून ओळखावे, तद्वत गाण्याच्या यंत्राची योग्यता वॅटच्या आकड्यावरून ओळखावी, अशी आपल्याकडे एक सार्वत्रिक समजूत झालेली दिसते.

पूर्वी मी हा आकडा मोठ्या तत्परतेने सांगत असे. हल्ली मी पाहुण्याचीच उलटतपासणी घेतो. खोली केवढी? ऐकणारा पेट्यांपासून किती अंतरावर बसतो? पेट्या एका वॅटला किती डेसिबल आवाज देतात? आणि मुख्य म्हणजे, ऐकणार कोण आहे? एवढे झाले की पाहुणा चहाच्या कपाकडे वळतो. मात्र हे प्रश्न मी हौसेने शिकलो नाही. त्यांची फी मला दोन जळालेल्या ट्वीटरांच्या रूपाने भरावी लागली, आणि त्याहून अधिक म्हणजे माझ्या वडिलांच्या काही आठवड्यांच्या मौनाच्या रूपाने भरावी लागली. ती हकीकत सांगावी म्हणून हा प्रपंच.

आमचे घर अंत्रुज महालात, देवळापासून हाकेच्या अंतरावर आहे. सांजवेळी नगारखान्यातील चौघडा झडतो तो विजेच्या तारेवाचून आमच्या राजांगणातील तुळशीपर्यंत पोचतो. बाबा शाळेत शिक्षक होते. परंतु गावात त्यांची खरी ओळख पेटीवाले मास्तर अशी. देवळाच्या भजनी सप्ताहात त्यांनी चाळीस वर्षे पेटीची साथ केली. गायकाने पट्टी किंचित सोडली की बाबांची भुवई वर चढे, आणि त्या भुवईचा धाक मोठमोठ्या बुवांना असे. तबला उतरला आहे की चढला आहे याचा निवाडा करताना त्यांना कधी दुसऱ्यांदा ऐकावे लागले नाही.

वडील आणि मुलगा यांच्यात आमच्याकडे बोलणे थोडे. दिवसभर न्यायालयात बोलून आलेल्या माणसाला घरी बोलवत नाही, आणि बाबा स्वभावतःच मितभाषी. आमचे जे काही संभाषण होई ते संध्याकाळी साडेसात ते नऊ या वेळात, आणि तेही परक्यांच्या गळ्यांतून. मी किशोरीताईंचा भूप लावावा, बाबांनी डोळे मिटावे. मी कुमारांची एखादी तबकडी लावावी, बाबांनी मांडीवर मात्रा मोजाव्यात. एखादी जागा विशेष आली की आम्ही एकमेकांकडे पाहत असू. इतके आम्हांला पुरेसे होते.

हे चालू होते ते माझ्या पहिल्या कमाईतून घेतलेल्या एका लहानशा ॲम्प्लिफायरवर. त्याची शक्ती दर बाजूस दहा वॅट. पुढे सुबत्ता आल्यावर मी पेट्या तेवढ्या नव्या आणल्या. त्यांच्या पाठीवर 'शंभर वॅट' असे लिहिले होते. मी मनाशी युक्तिवाद केला, की शंभर वॅट सोसणाऱ्याला दहा वॅटवाला काय इजा करणार? युक्तिवाद बिनतोड दिसत होता. बिनतोड दिसणारे युक्तिवाद वरच्या न्यायालयात टिकत नाहीत, हा माझा व्यवसायातील अनुभव मी त्या वेळी विसरलो.

पंचाहत्तरी उलटल्यावर बाबांचे कान हळूहळू उतरू लागले. प्रथम ते घड्याळाचा गजर चुकवू लागले, मग नातीचे बोलणे. संध्याकाळच्या बैठकीत त्यांचे एक वाक्य वाढले: "मात्सो वाढय रे." मी खुंटी किंचित फिरवी. महिन्याभराने पुन्हा "मात्सो वाढय", पुन्हा खुंटी. असे करता करता खुंटी शेवटच्या खुणेजवळ जाऊन पोचली. तान वर चढली की आवाजाला एक खरखरीत धार येऊ लागली होती. मला ती ऐकू येत होती, परंतु जुनी तबकडी, जुनी सुई, असे म्हणून मी ती सोडून दिली.

मग एक दिवस बाबांनी "वाढय" म्हणणे सोडून दिले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी साडेसातला येऊन बसणेही सोडले. सांजवातीनंतर ते आपल्या खोलीत जाऊन पडू लागले. मी एका मोठ्या दाव्यात गुंतलो होतो. म्हातारपण आहे, थकले असतील, असे मनात आले आणि गेले. भजनी सप्ताह जवळ आला तेव्हा त्यांनी देवळात निरोप पाठविला की यंदा पेटीला दुसरा कोणी पाहा. त्याचेही मी काही मनावर घेतले नाही.

खरा प्रकार उघडकीस आणला तो माझ्या बारा वर्षांच्या मुलीने. एका रविवारी ती पेटीसमोर जमिनीवर बसून चित्र रंगवीत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पप्पा, या भजनातले टाळ कुठे गेले?" मी पेटीला कान लावला. टाळ नव्हते. तंबोऱ्याची झणकार नव्हती. गायकाच्या शब्दांतील स, श, त ही अक्षरे जणू कोणी कांबळ्याने पुसून घेतली होती. दोन्ही पेट्यांतील ट्वीटर, म्हणजे तारस्वर काढणारे लहान पडदे, मुके झाले होते. ते किती दिवसांपासून मुके होते कोण जाणे.

मी तसाच बाबांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "बाबा, पेट्या बिघडल्या आहेत." ते उठून बसले. बराच वेळ माझ्याकडे पाहिल्यावर त्यांनी विचारले, "पेट्यो?" आणि मग अगदी हळू, "म्हाका दिसलें म्हजेच कान गेले." आपलेच कान गेले असे समजून हा माणूस कोणाला काही न सांगता गाण्यातून उठून गेला होता, आणि मी, ज्याचा धंदाच साक्षीदाराच्या चेहऱ्यावरून सत्य ओळखण्याचा, तो शेजारच्या खोलीत दाव्याचे कागद चाळीत बसलो होतो.

मडगावच्या एका दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांकडे पेट्या नेल्या. त्यांनी जळालेली वेटोळी बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवली. केसासारखी बारीक तार, काळवंडून गेलेली. मी माझा युक्तिवाद मांडला, की दहा वॅटने शंभर वॅटचे कसे जळेल? ते हसले आणि म्हणाले, "वकीलबाब, म्हणूनच जळाले." त्यांनी जे समजावून दिले आणि पुढे मी पुस्तकांतून जे पडताळून पाहिले, ते थोडक्यात असे.

प्रत्येक ॲम्प्लिफायरला एक छत असते. त्याच्या वीजपुरवठ्याचा दाब जेवढा, तेवढीच उंच लहर तो काढू शकतो. आठ ओहमच्या स्पीकरवर एक वॅट म्हणजे २.८३ व्होल्ट; दहा वॅट म्हणजे जेमतेम ९ व्होल्ट. गाण्यातील एखादा तबल्याचा ठोका वा चढती तान याहून उंच जाऊ पाहते, तेव्हा लहरीचा माथा छताला लागून सपाट छाटला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. या छाटलेल्या कोपऱ्यांतून मूळ गाण्यात नसलेले उंच स्वर उपजतात आणि ते सारे ट्वीटरच्या वाट्याला जातात. शिवाय शेंडे वाढत नसताना खुंटी मात्र वाढत राहिली, तर मधले हलके भागच फुगत जातात, आणि ज्या ट्वीटरला एरवी क्षणभर श्रम व दीर्घ विश्रांती मिळायची त्याला अखंड राबावे लागते. पाठीवरचा 'शंभर वॅट' हा आकडा संपूर्ण पेटीचा, तोही साध्या, न छाटलेल्या संगीतासाठी असतो. त्यात ट्वीटरचा स्वतःचा वाटा थोड्या वॅटांचा. पूर्ण छाटलेली लहर तर मूळ दहा वॅटच्या जागी वीस वॅटपर्यंत उष्णता ओतू शकते. ज्याच्याजवळ सामर्थ्य थोडे आणि मागणी मोठी, त्याच्या हातून नासधूस अधिक होते.

उपाय काय, म्हणून मी एका दुकानात गेलो. विक्रेत्याने सारे ऐकून घेतले आणि निकाल दिला: "दोनशे वॅट घ्या." शेजारी त्याहून स्वस्त असे एक यंत्र होते, त्याच्या अंगावर यापेक्षाही कितीतरी मोठा आकडा सोनेरी अक्षरांत चमकत होता. येथे माझ्यातील वकील जागा झाला. आकड्याची व्याख्या कोणती? वाचकांपैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांना १९९० नंतरच्या दशकातील टेपरेकॉर्डरांवरच्या त्या चिकट्या आठवत असतील: 'एक हजार वॅट पी.एम.पी.ओ.' भिंतीतील खटक्यातून शंभर वॅटसुद्धा न ओढणारे यंत्र हजार वॅट कोठून देणार? तो आकडा क्षणाच्या एका लहानशा अंशापुरता, कोणत्याही शुद्धतेची अट न घालता, बहुधा कागदावरच काढलेला असे.

अमेरिकेत हाच गोंधळ याआधी झाला होता. तेथील संघीय व्यापार आयोगाने १९७४ साली खास घरगुती ॲम्प्लिफायरांसाठी एक नियम केला: वॅटचा आकडा छापायचा असेल तर तो अखंड शक्तीचा असावा, आणि किती ओहमवर, किती कंपनांपासून किती कंपनांपर्यंत, किती विकृतीसह, हे सोबत सांगावे. २०२४ साली त्या नियमात सुधारणा करून मोजणीच्या अटी सर्वांना एकसारख्या करण्यात आल्या. कायद्याचे एवढे नेटके व्याख्याकलम मी क्वचितच वाचले असेल. पाहुण्यांना माझे सांगणे असते की आकडा नंतर पाहा, त्याच्या शेजारचे बारीक टाइपातील शब्द आधी वाचा. ते शब्दच नसतील तर आकड्याला पुराव्यात स्थान नाही.

तथापि दोनशे हा आकडा खोटा होता असेही नाही. तो तपासून पाहण्यासाठी मी एका रात्री दाव्याचे कागद बाजूला सारून हिशेब मांडला. वाचकांनी थोडा धीर धरावा. हिशेब सोपा आहे.

कानाचे गणित बेरजेचे नाही, गुणाकाराचे आहे. शक्ती दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलने चढतो, म्हणजे किंचित चढल्यासारखा वाटतो, एवढेच. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावयाचा तर सुमारे १० डेसिबल लागतात, आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. म्हणजे पन्नास वॅटचे यंत्र टाकून शंभरचे आणले, तर खिसा दुपटीने हलका होईल आणि कानाला जेमतेम फरक कळेल.

आता स्पीकरची संवेदनक्षमता पाहू. आमच्या पेट्या एका वॅटला एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल देतात. घरगुती पेट्यांत ही मध्यम प्रत होय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल घटतात. पेट्या दोन असल्या की सुमारे ३ वाढतात. बाबांची खुर्ची उंबरठ्याजवळ, पेट्यांपासून ३.६ मीटरवर. तेथे दर पेटीस एक वॅट दिला की सुमारे ७९ डेसिबल पोचतात. बाबांसाठी सरासरी ८० हवेत असे धरले. त्याहून अधिक धरू नये, कारण प्रौढ माणसाने आठवड्यात चाळीस तासांपर्यंत ८० डेसिबल ऐकावे, अशीच मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिली आहे. या सरासरीला सव्वा वॅट पुरतो! दोनशेच्या गप्पा मारणाऱ्या आपल्या यंत्राचे रोजचे काम एवढेच असते.

परंतु गाणे सरासरीने चालत नाही. चांगल्या ध्वनिमुद्रणात तबल्याचा ठोका सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर उडी घेतो. २० डेसिबल म्हणजे शंभरपट शक्ती. सव्वा वॅटची शंभरपट म्हणजे सव्वाशेवर! आणि माझ्या यंत्राजवळ होते दहा. ट्वीटर कशाने जळाले हे आता मला आकड्यांत दिसले. विक्रेत्याचे दोनशे हे या सव्वाशेवर थोडा हात राखून सांगितलेले होते. वॅट मोठ्या आवाजासाठी नसतात. ते क्षणभर येणाऱ्या ठोक्यासाठी राखून ठेवलेली गंगाजळी असते. ती रोज खर्च होत नाही. मात्र तो क्षण आला आणि ती नसली, तर छाटणी अटळ.

या राखीव शक्तीचा इतिहासही मोठा मनोरंजक आहे. पॉल क्लिप्श यांनी अमेरिकेत १९४६ च्या सुमारास आपला कोपऱ्यात उभा करावयाचा कर्णा विकावयास काढला; तो एका वॅटला शंभराहून अधिक डेसिबल देत असे. मात्र तो कपाटाएवढा असून त्याला खोलीचा कोपराच द्यावा लागे. इंग्लंडात पीटर वॉकर यांचा क्वाड कंपनीचा १९५३ चा व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर अवघा पंधरा वॅटचा होता, आणि त्यावर भल्याभल्यांनी समाधानाने संगीत ऐकले. पुढे ट्रान्झिस्टर आले, वॅट स्वस्त झाले, आणि पेट्या लहान होऊ लागल्या. सत्तरच्या दशकात बी.बी.सी.च्या अभियंत्यांनी फिरत्या गाड्यांसाठी केलेली सुप्रसिद्ध छोटी पेटी, एल.एस. थ्री फाइव्ह ए, एका वॅटला सुमारे ८३ डेसिबलच देते. म्हणजे त्या जुन्या कर्ण्याहून सुमारे २० डेसिबल कमी. तेवढ्याच आवाजाला शंभरपट शक्ती. निसर्गाचा येथे एक कठोर करार आहे: पेटीचा लहान आकार, खर्जाची खोली आणि थोड्या वॅटांत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मागा, तिसरे सोडा. आधुनिक माणसाने आकार आणि खर्ज मागितला, आणि तिसऱ्याची भरपाई तो वॅटांनी करतो आहे.

त्या वॅटांचे होते तरी काय? आमच्यासारख्या पेटीत शिरलेल्या विजेच्या शंभर भागांपैकी एक भागसुद्धा नाद होऊन बाहेर पडत नाही. बाकीची सारी वेटोळ्यांत उष्णता होऊन विरते. दिवाणी हुकूमनाम्याच्या वसुलीचे प्रमाणही याहून बरे असते.

मी दोनशे वॅटचे यंत्र घेण्याचे जवळजवळ ठरविले होते. दरम्यान बाबांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासणीचा आलेख दाखविला. मंद्र आणि मध्य सप्तकांत बाबांचे कान वयाच्या मानाने उत्तम होते. रेषा घसरली होती ती उंच कंपनांकडे. म्हणजे स्वर ऐकू येतो, शब्दांची टोके येत नाहीत. डॉक्टरांनी श्रवणयंत्र दिले आणि बोलण्यासाठी त्याचा चांगला उपयोगही झाला. नातीशी पुन्हा गप्पा सुरू झाल्या. गाण्याच्या वेळी मात्र बाबा ते काढून ठेवीत. "पत्र्यार पावस पडटा तशें दिसता," असे त्यांचे मत.

ट्वीटर नवे बसविल्यावर मी दुकानातून चार दिवसांच्या बोलीवर मोठे यंत्र घरी आणले. खुंटी वाढविली. छाटणी नव्हती, खरखर नव्हती. दिवाणखाना गाण्याने भरून गेला. तांब्याभांडी थरथरली. बाबा उंबरठ्याजवळच्या खुर्चीत बसून होते. दहा मिनिटांनी त्यांनी हात वर केला. "आवाज व्हडलो नाका रे पुता," ते म्हणाले, "निवळ जाय."

मोठा नको, निवळ हवा. हे वाक्य त्यांनी संतापाने म्हटले असते तर मी वाद घातला असता. ते इतके शांतपणे म्हटले गेले की मी यंत्र बंद केले आणि त्या रात्री पुन्हा हिशेबाची वही उघडली. मी बाबांसाठी डेसिबल मोजीत होतो, निवळपणा मोजीत नव्हतो. ३.६ मीटर अंतरावरच्या कानाला पेटीतून थेट येणारा नाद थोडा, आणि भिंती, छप्पर, चिऱ्यांच्या कमानी यांवरून आपटून मागाहून येणारा नाद फार. खोली माझे काही डेसिबल परत करीत होती हे खरे. परंतु ते असे उशिरा आणि एकमेकांत मिसळून आलेले डेसिबल होते की ज्या कानाने शब्दांची टोके आधीच गमावली आहेत त्याला ते सोडविता येत नव्हते. शक्ती वाढविली की थेट नाद वाढे आणि त्याबरोबर गोंगाटही तेवढाच वाढे. प्रमाण तेच राही.

हे प्रमाण बदलण्याचा एकच मार्ग वहीत दिसत होता: अंतर. ३.६ मीटरचे १.८ केले, तर थेट नाद ६ डेसिबलने चढतो. तेच ६ डेसिबल पैशाने विकत घ्यायचे तर चौपट वॅट लागतात. अर्ध्या अंतरावर सरासरी ८० डेसिबलला पाव-तृतीयांश वॅट पुरेल, आणि वीस डेसिबलच्या उडीला सुमारे बत्तीस. म्हणजे दोनशेची जरूरच नाही. दर बाजूस पन्नास वॅटचे प्रामाणिक यंत्र, जे स्पीकरचा अवरोध मध्येच आठाच्या खाली चार ओहमपर्यंत उतरला तरी डगमगणार नाही, एवढे भरपूर झाले. दोन-तीन पावले चालण्याने होणाऱ्या कामासाठी मी मोठी रक्कम मोजावयास निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी बाबांना म्हणालो, "खुर्ची थोडी पुढे घेऊया." त्यांनी मान हलविली. मी हिशेब सांगितला. चौपट, सहा डेसिबल, सारे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि बोट उंबरठ्याबाहेर केले. तेथून राजांगणातील तुळस दिसते आणि तिच्या पलीकडे, दोन माडांच्या मधून, देवळाचा दीपस्तंभ. आई होती तेव्हापासून ती खुर्ची तेथे आहे. आई सांजवात लावी, आणि दीपस्तंभावर दिवे लागत त्या रात्री ती तेथूनच हात जोडी. हिशेबाच्या वहीत या गोष्टीसाठी रकाना नव्हता.

माझा दावा तेथेच निकालात निघाला. पेट्या भिंतीलगतच असाव्यात, ही सजावटीची अट मीच घातली होती. ती कोणत्या कलमात लिहिलेली नव्हती. सौ.च्या संमतीने आम्ही दोन्ही पेट्या भिंतीपासून सोडविल्या, खोलीच्या मध्यापर्यंत ओढल्या आणि बाबांच्या खुर्चीकडे तोंड करून उभ्या केल्या. दिवाणखान्याची शोभा गेली. पाहुण्यांना वळसा घालून बसावे लागते. माणूस नादापाशी गेला नाही, तर नाद माणसापाशी आणावा, एवढे मला उशिरा का होईना उमगले. मोठे यंत्र मी दुकानात परत केले आणि पन्नासचे घेऊन आलो.

या शहाणपणाचा एक उपयोग देवळातही झाला. जात्रेच्या आधी महाजनांच्या बैठकीत तक्रार आली की कीर्तन मागच्या मंडळींना ऐकू येत नाही. तेव्हा अधिक शक्तीचे भोंगे आणावेत. मी उठून माझी हकीकत सांगितली. पुढच्या दोन भोंग्यांची शक्ती चौपट केली, तर मागच्यांना ६ डेसिबल मिळतील आणि पुढच्या रांगेतील म्हाताऱ्यांना कानांत बोटे घालावी लागतील. त्याऐवजी मंडपाच्या खांबांवर थोड्या थोड्या अंतराने लहान स्पीकर बसवावेत, प्रत्येकाने आपल्या जवळच्या दहा-वीस माणसांशी हळू बोलावे, आणि पुढच्या आवाजाशी मेळ राहावा म्हणून मागच्यांना किंचित विलंब द्यावा. कारण नादाला तीस मीटर चालून यायला जवळजवळ सेकंदाचा अकरावा भाग लागतो. तसे केले गेले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, हे मी वकील या नात्याने सांगितले. परंतु सभासदांना पटले ते कायद्याने नव्हे. मागच्या रांगेतल्या एका आजीला कीर्तनातला शब्द अन् शब्द कळला, त्याने पटले.

आता पेट्या पुढे आणल्याच्या पहिल्या संध्याकाळचे सांगून थांबतो. काय लावावे या विचारात मला कपाटातील एक जुनी कॅसेट आठवली. तीस वर्षांपूर्वीच्या भजनी सप्ताहात कोणीतरी ध्वनिमुद्रित केलेली. गावातीलच बुवा, टाळ, पखवाज, शेवटी घुमटांवरची आरती, आणि बाबांची पेटी. मी ती लावली. आवाज बेताचाच ठेवला. बाबा डोळे मिटून बसले. बाहेर तिन्हीसांज झाली होती. टाळ स्वच्छ वाजत होते. पखवाजाची थाप पडली की काळजाला लागे. पन्नास वॅटांपैकी काही तेवढ्या क्षणापुरते उठत आणि पुन्हा निजत.

बुवांनी एका ठिकाणी आलाप वर नेला आणि बाबांची भुवई चढली. कित्येक महिन्यांनी मी ती भुवई पाहत होतो. मी विचारले, "काय झाले? बुवा घसरले?"

बाबांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी शरम होती आणि बराच आनंद.

"बुवा न्हय," ते म्हणाले. "थंय म्हजी पेटी फाटीं उरली."

मी कॅसेट मागे घेतली. आम्ही ती चूक पुन्हा एकदा ऐकली.